बत्तीस जणांचं सैपाकघर

सोलापूर, १२ मे १९७५

सौ. अक्काला धाकट्या दाक्षायणीचा शरणु.

आदी चुकांची माफी मागते. टायपिंगच्या क्लासात बसून ह्ये पत्र टाइप करायलीय, ते बी दोन बोटांनी. सकाळच्या गाडीनं होटगीवरनं आले तवा 'सौ.' टाइप केलतं, आता कुटं 'शरणु'पतूर पोचले. शुद्धलेखनाचं तर तुला म्हाईतच हाय, सातवीतच शाळा सुटली. मास्तर मदनंमदनं पाठीमागं येऊन उभं ऱ्हातात. ते आले की मला प्रॅक्टिसचं टाइप करावं लागतंय, तवा मदीच काय वेगळं आलं तर घाबरू नकोस.

तू बरी हाईस का? मंगळवेढ्याचं ऊन सोसतंय का? दाजींची तब्येत कशी हाय? (त्यांचं वजन कमी झालं न्हाय ना, येवडं जरूर कळव.) सासूबाईंना माझा शरणु सांग, पर पत्र वाचून दाखवू नकोस. हितं अव्वा बरी हाय. आप्पा बी बरे हायत, निस्तं माझ्याशी बोलंनात.

आपल्या सैपाकघराची जमीन लाकडाची झालीय. व्हय, लाकडाची. त्याचं असं झालं की अव्वा रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यात दह्याचा रतीब घालती, तवा किटली धरायला मी मागनं जाते. त्यांच्या सैपाकघरात खाली लाकडाची जमीन, वर लाकडाचीच कपाटं. जमीन गडद आन् कपाटं थोडी फिकी. एकसारखी न्हाईत आन् परकी बी न्हाईत, तुज्यामाज्यावानी, बगणाऱ्याला कळतंय की एकाच घरच्या हायत. कपाटाचं दार पार जमिनीला टेकलेलं, मदी झुरळ शिरायला जागा न्हाय. मी तितंच उभी ऱ्हायले. बाईसाहेब दोनदा म्हणल्या, काय पायजे बाळ, तर माझ्या तोंडनं शब्द फुटंना. (शाळेत बी असंच व्हायचं.)

पुढच्याच महिन्यात आप्पांना जुन्या रेल्वेडब्याच्या सागवानी फळ्या लिलावात मिळाल्या. ते म्हणले, गोठ्याला लावू. मला तर बोलायला येत न्हाय, म्हणून मी चित्र काढलं आन् रोज जेवताना त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. चार दिवस त्येनी त्याच्यावर भाकरीचं टोपलं ठेवलं. पाचव्या दिवशी म्हणले, ही पोरगी बोलली असती तर मी न्हाय म्हणलो असतो, आता चित्राला काय म्हणू.

जमीन आमी दोघांनी घातली. फळ्यांवर रंगानं लिवलेलं हाय, ते रंद्यानं बी गेलं न्हाय. चुलीपाशी 'थुंकू नये' आलंय, ते बरंच झालं. कपाटाम्होरच्या फळीवर '३२ जणांस बसण्यासाठी' आलंय. (चूल दगडी चौथऱ्यावर हाय, काळजी करू नकोस. काळजी अव्वा करती, ती पयल्या दिवसापास्नं पाण्याची घागर भरून चुलीशेजारी बसती.)

कपाटाला मातुर सागवान पुरलं न्हाय, ते कडूलिंबाचं केलं. ते दिसायला पिवळं, जमीन काळी, जसं काय उसनं आणल्यागत. मी चहाचं काळं पाणी लावलं, ते डाग पडून वाळलं. काव लावली तर देवळाच्या पायरीसारखं दिसाया लागलं. मग करडईचं तेल चोळलं, तवा रंग असा काय जुळला अक्का, की मी दार लावून एकटीच बगत बसले. दुसऱ्या दिवशी सगळ्या होटगीच्या मुंग्या आपल्या कपाटावर. अव्वा म्हणली, कपाट हाय का चटणी? आप्पा म्हणले, सोड आता, शहाबादी फरशी घालू आन् भिंतीत फडताळ करू, जगात असंच असतंय. मी सोडलं न्हाय. हळदीची रेघ मारत आठ दिवस मुंग्या परतवल्या आन् रंग तसाच ठेवला.

महोदय, आपले दिनांक ३ चे पत्र पावले. मागविलेला माल लवकरच रवाना करीत आहोत. कळावे.

(गेले मास्तर.)

मागल्या सोमवारी नवीन सैपाकघर म्हणून मठातल्या अय्यांना प्रसादाला बोलावलं. आप्पांनी सांगून ठेवलं हुतं, चार लोकांत शोभा झाली तर मंगळवारी फळ्या उपटणार. मी म्हणलं, म्हंजे मनात म्हणलं, बगा की. सैपाक पहाटेच झाला. गूळ-गव्हाच्या हुग्गीचं पातेलं आन् शेंगापोळ्यांची चळत मांजरापास्नं जपायला कपाटात ठेवली. मग अव्वाला वाटलं, अय्या येणार तर जमीन धुतल्याबिगर शुद्ध कशी व्हईल? तिनं सात घागरी वतल्या. मी अंगणात रांगोळी घालत हुते, मला काय कळणार. त्याच्यावर अय्यांची पादपूजा बी आप्पांनी तितंच केली, म्हंजे आठवी घागर.

आता उन्हानं वाळून खडंग झालेलं लाकूड, त्यानं पाणी पिऊन घेतलं. अय्या पाटावर बसले, दोन्ही बाजूनं आप्पांचे दोन सोबती, शेजारची गौरम्माकाकू आन् तिचा नवरा, सगळे बसले. केळीची पानं मांडली, पानावर मीठ वाढलं, लिंबाची फोड वाढली. अव्वा कपाटाकडं गेली. दार दोन बोटं उघडलं आन् थांबलं. खाली बगतोय तर बत्तीस जणांची फळी मदनंच फुगून वर आलेली, दार त्या टेकाडाला अडलंय. फटीतनं हुग्गीचा वास येतोय, हात जाईना. आप्पांनी वढलं. गौरम्माकाकूच्या नवऱ्यानं वढलं. आप्पा उठले आन् कुऱ्हाड घेऊन आले.

अव्वा दाराम्होरं फळीवर आडवी उभी ऱ्हायली, तवा मी बगितलं, टेकाड अर्धं बोट खाली बसलं. मी बी तिच्याशेजारी चढले, आणिक थोडं बसलं. म्हंजे वजन पायजे हुतं, कुऱ्हाड न्हाय. पर वजन तर सगळं पाटावर बसलेलं. अक्का, मी आजपतूर परक्या माणसाला 'या' सुदिक म्हणले न्हाय. मी अय्यांच्या वल्ल्या पायांकडं बगत म्हणलं, अय्या, तुमी समदे उठा, आन् दाराची जागा सोडून ह्या फळीवर दोन्ही कडंला उभं ऱ्हावा.

गौरम्माकाकू म्हणली, अगं, ह्या पोरीला आवाज हाय की. आप्पांची कुऱ्हाड तशीच हातात. अय्यांनी वाकून फळीवरचं वाचलं आन् आप्पांना म्हणले, "ह्येच्यावर बत्तीस लिवलंय, वीरभद्रप्पा. आमी सगळे मिळून आठ. लई जागा हाय, चला." आन् स्वतःच पयले चढले. मी एकेकाला जागा सांगितली, काकूला दोनदा सरकवलं. काकू चढली तवा फळीनं येक आवाज केला आन् दार आपोआप उघडलं. मग हुग्गी बाहेर काढेपतूर सगळे तसेच उभे, अय्या बी. जेवताना अय्या म्हणले, अशी उभ्यानं मिळालेली हुग्गी पयल्यांदाच खाल्ली. दोनदा मागून घेतली.

फळ्या ऱ्हायल्या. आता सगळं वाळून सपाट झालंय, दार येका बोटानं उघडतंय, काय सुदिक अडचण न्हाय. आप्पा अव्वाला म्हणलेत (चार लोकांत मी हुकूम सोडला म्हणून माझ्याशी बोलंनात), पावसाळा येऊ दे, दमट हवेत परत अडलं तर शहाबादी. पर अडणार न्हाय, मी सांगते.

फळीवर ठाम उभी असलेली तुजी,
दाक्षायणी

ता. क. तुला लग्नात दिलेली सागवानी पेटी तिकडं आडगळीत पडलीय असं तूच म्हणली हुतीस. तिचा रंग बरोबर आपल्या जमिनीच्या आन् कपाटाच्या मदला हाय. ती मदी ठेवली तर दोन्हीची जोडी लई शोभंल. पाऊस लागायच्या आत धाडशील का?

ता. क. रिकामी नको. जवारीनं भरून धाड. गच्च भर. रंगाचं बी हायच, पर मी फळी मोजून बगितलीय, दोन पोती तरी पायजेत.

ता. क. सासूबाई पेटी सोडंनात तर निस्तं दाजींना धाड, जून ते सप्टेंबर. जेवायला शेंगापोळी करू. बसायची जागा मी दावते.

गौरम्माकाकूची म्हैस व्याली, रेडी झाली. नाव तुजंच ठेवलंय, दानम्मा. मी म्हणलं हुतं, अक्काला आदी विचारा.