निळ्या स्प्रूसचा पहिला उन्हाळा

४ एप्रिल १९८८, जळगाव
स्प्रूसच्या खालच्या फांदीचं टोक तपकिरी. हात लावला तर सुया गळाल्या. सिमल्याहून गाडीत मांडीवर धरून आणलेलं, देवदारासारखं निळसर सुयांचं रोप. या घरात माझ्या मर्जीनं आलेली एवढी एकच गोष्ट. "जळगावच्या उन्हात ह्याचा पापड होणार," हे अजून म्हणतात. बघूच. पश्चिमेला ऊन अडवायला वाळ्याची ताटी बांधली.

७ एप्रिल
सासऱ्यांचं, आबांचं, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटेपर्यंत ते आमच्याकडे. डॉ.नी बजावलंय, ऊन नको, वाकणं नको. दुसऱ्या डोळ्यानंही धूसरच दिसतं. पण जीव सगळा फैजपूरच्या केळीच्या बागेत.

११ एप्रिल
स्प्रूसचं आळं थबथबलेलं! आबांनी बादल्या ओतल्या. म्हटलं, थंड मुलखातलं झाड आहे, मुळं कुजतील. "पान्याबिगर कोन्तं झाड जगते वं?" मोठ्या माणसाला किती बोलणार. यांना सांगितलं तर, "तूच बघ." वा!

१३ एप्रिल
शाळेत शिकवून आले तर खालच्या सगळ्या फांद्या छाटलेल्या. विळ्यानं, चाचपून चाचपून. वर आबा खूश. "पिलं काढ्ली. आता मायझाड जोर धरीन." केळीच्या बुंध्यालगतचे कोंब काढतात तशी! याला खालून पुन्हा फांदी फुटत नाही हो. माझा तोलच गेला. "आबा, ही केळ नाही! हात लावायला सांगितलं कुणी?"
सासऱ्यांवर ओरडले. ते जेवले नाहीत. हे बोलत नाहीत. राग जात नाही, लाजही वाटते.

१५ एप्रिल
आबा जेवतात, पण मीठसुद्धा मागत नाहीत. अंगणात पाऊल नाही. स्प्रूस बोडका दिसतो.

१८ एप्रिल
वावटळीनं ताटी पाडली. मी शाळेत. दुपारी येऊन बघते तर आबा भर उन्हात उभे. छत्री झाडावर, स्वतःच्या पट्टीवर नुसता टॉवेल.
"आबा, आत या! डोळा जाईल!"
"तू ताटी बांध अगोदर."
हलेचनात. सुतळीची गाठ बसेना. ताटी उभी राहिली, मग आत आले.

१९ एप्रिल
दवाखान्यात पट्टी उघडली तर डोळा लालभडक. डॉ. भडकले, उन्हात गेला होता का? आबा थंडपणे, "नाही. धूळ गेली." माझं नाव नाही, झाडाचं नाही. सूज आहे, पट्टी उचलून थेंब घाला, २२ ला कायमची सोडू, दृष्टीचं मगच सांगता येईल म्हणे.
रिक्षात रडले. "मरू दे ते झाड, आबा."
"काहाले मरू देतं? पिलं मी काढ्ली, मीच जगवीन."

२१ एप्रिल
सकाळी थेंब घातले. दुखतं का विचारलं.
"डोळ्याचं राहू दे. शेंड्याचा रंग कसा हाये?"
बाहेर जाऊन पाहिला. शेंडा तपकिरी, सुया झडतायत. दारातूनच ओरडले, "निळा आहे, आबा!"
"मंग उद्या पट्टी सुटली का पह्यलं तेच पाह्यतो."