चपला घेतल्या का?

काका, काल मी धंतोलीत आपल्या हॉस्पिटलात गेले होते. आईच्या मोतीबिंदूची तपासणी होती. तिला आत बसवलं आणि मी बाहेर येऊन आपल्या जागेवर उभी राहिले, जिथे आपली ॲम्ब्युलन्स लागायची तिथे. कडुलिंब अजून आहे. त्याच्या बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा झालाय आणि चहाची टपरी औषधांच्या दुकानापाशी सरकली आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मी परदेशातून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आले आहे, त्यातला निम्मा वेळ 'तिकडे कसं आहे' याची उत्तरं देण्यात गेला. छान आहे, असं सगळ्यांना सांगते. तर मी तिथे उभी असताना एक ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवरून एका म्हाताऱ्या गृहस्थांना उतरवलं आणि त्यांच्यामागून त्यांची सून उतरली. एका हातात एक्स-रेची पिशवी, दुसऱ्या हातात सासऱ्यांच्या चपला. तिला हे कोणी शिकवलं नसणार. मी मात्र तुमच्याकडून शिकले होते, आणि तेही बोलणी खाऊन.

मी बावीस वर्षांची होते तेव्हा. इमर्जन्सीचा एक वर्षाचा कोर्स, गळ्यात नवा कोरा स्टेथोस्कोप आणि नाकावर भरपूर शिष्टपणा. तुम्ही आठवी पास, गाडीचे ड्रायव्हर, खाकी पँट आणि खिशात कंगवा. कागदावर मी तुमच्या वर होते. पहिल्याच महिन्यातली ती दुपार आठवते का? मे महिना, धरमपेठेतला दुसरा मजला, लिफ्ट नाही. एका आजींना दम लागलाय. मी ऑक्सिजन लावला आहे, त्यांचा मुलगा आणि तुम्ही खुर्चीसकट त्यांना जिन्याकडे आणताय, आणि आजी मास्कच्या आतून एकसारख्या काहीतरी म्हणताहेत. मी कान जवळ नेला तर म्हणतात, 'माझ्या चपला.' मी घाईत म्हणाले, "आजी, तिथं कशाला लागणार आहेत चपला?" आजींना गाडीत ठेवलं, मी मागे बसले, आणि दार लावायच्या आधी तुम्ही एकेक पायरी गाळत पुन्हा वर गेलात. खाली आलात ते निळ्या पट्ट्यांच्या दोन चपला घेऊन. आजींना दिसतील अशा त्या पायथ्याशी ठेवल्या आणि गाडी काढली.

बोललात ते नंतर, टपरीवर, माझ्या हातात चहा देऊन. "तू डॉक्टर होय का वं? कोणाले चपला लागन अन् कोणाले नाही लागन, हे तू काहून सांगून राहिली?"

"घाईत म्हटलं, काका."

"तुनं घाईत म्हटलं. ते बुढी आता खाटेवर पडून तेच घोकून राहिली असन."

मी रडकुंडीला आले, तसे तुम्ही जरा नरमलात. मग समोरच्या रस्त्याकडे बोट केलंत. "अन् दुसरं पाह्य. चंद्रपूरहून, यवतमाळहून माणूस येते, बेशुद्ध. आठ दिवसांनी सुट्टी होते. बाहेर येते तं हे डांबर. अनवाणी नाचते बिचारा, या पायावरून त्या पायावर. कोणाले मागन तो चपला?" एवढंच. यापलीकडे तुम्ही या गोष्टीचा कधी अर्थ लावून सांगितला नाही. त्यानंतर सहा वर्षं, गाडी सुरू करायच्या आधी, आरशातून माझ्याकडे बघत तुम्ही विचारत राहिलात, "चपला घेतल्या का?" खरं तर त्या घेतलेल्या असायच्या तुम्हीच. मी पेशंटपाशी असायचे. विचारायचात ते बहुधा पेशंटला ऐकू जावं म्हणून. दिवाळीला तुम्ही मला एक पिशवी दिलीत, तुमच्या जुन्या खाकी पँटची, काकूंनी मशीनवर शिवलेली, नाडीची. मला वाटलं होतं मिठाई असेल. आत काही नव्हतं. "चपला ठेवाले," म्हणालात. मी घरी जाऊन आईपाशी तुमची नक्कल केली आणि आम्ही दोघी हसलो.

तुम्हाला त्रास झाला त्या दिवशी मी दुसऱ्या गाडीवर वर्ध्याला गेले होते. शेजाऱ्यांनी तुम्हाला रिक्षातून नेलं. मी तुमच्या घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं आणि तुमच्या चपला दारातच होत्या, एक सरळ, एक उलटी. मी ती उलटी सरळ करून ठेवली. यापेक्षा जास्त काही करता आलं नाही.

पुढे नऊ वर्षं मी इथेच काम केलं. तुम्हाला वाटेल, मग गेली काहून? कारण इतक्या वर्षांनीही मी 'ॲम्ब्युलन्सवाली बाई' होते. पेशंटच्या दारात सिस्टर म्हणायचे, हॉस्पिटलात आत गेलं की बाजूला सरका म्हणायचे. तिकडे या कामाला नाव आहे, नोंदणी आहे, नोंदणी झालेला माणूस बोलला तर डॉक्टर ऐकून घेतो. मला ते नाव हवं होतं, काका. हावरटासारखं हवं होतं. मग कागद सुरू झाले. कोर्समध्ये कोणता विषय किती तास शिकवला, ते सांगा. किती तास काम केलं, ते सही-शिक्क्यानिशी सांगा. आपलं हॉस्पिटल तोवर दुसऱ्यांनी घेतलं होतं. ऑफिसातली मुलगी म्हणाली, जुनं रेकॉर्ड नाही. चार महिने त्या ऑफिसच्या बाकावर बसून मी तासांचा दाखला मिळवला. फॉर्मवर एक रकाना होता: तुमच्या कामावर देखरेख कोणाची होती? नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक. मी तिथे आपल्या मोठ्या डॉक्टरांचं नाव लिहिलं. ते आपल्या गाडीत एकदाच बसले होते, तेही स्वतःची कार बंद पडली म्हणून. तुमचं नाव कुठेच बसत नव्हतं. जिन्यावरून पेशंटला उतरवताना डोकं कोणत्या बाजूला ठेवायचं, घरात शिरताना बाहेर पडायची वाट कशी बघून ठेवायची, हे मी कोणाकडून शिकले, ते त्या फॉर्मने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

कागद निम्मेच पटले. बाकीच्यासाठी तिथे येऊन परीक्षा द्या म्हणाले. नंबर लागेपर्यंत दीड वर्ष मी एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या. आईला सांगितलं, हॉस्पिटलात आहे. परीक्षेला एक खोली घरासारखी मांडलेली होती. सोफा, टीव्ही, चहाचा कप, आणि छातीत दुखतंय असं छान नाटक करणारा एक माणूस. परीक्षक बाई कोपऱ्यात वही घेऊन. मी सगळं केलं. नाडी, ऑक्सिजन, ईसीजीची पट्टी, औषध, सगळं बिनचूक. त्याला खुर्चीत घेतलं आणि माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. घरात घालायची एक सपात सोफ्यापुढे होती. दुसरी दिसेना. मी वाकून सोफ्याखाली बघायला लागले.

बाईंनी नंतर विचारलं, काय शोधत होतात? सांगितलं. का, म्हणाल्या. मी म्हणाले, आमच्याकडे पद्धत आहे. आणि तसं म्हणताना, काका, ती पद्धत माझी मलाच अडाणी वाटली. त्याची लाज अजून जात नाही. निकालाच्या पत्रात लिहून आलं की रुग्णावरचं लक्ष विनाकारण हटलं. नापास. बाई चुकल्या नव्हत्या. तुम्ही असता तर तुम्हीही ओरडला असता, पेशंटले सोडून खाली काय पाहून राहिली वं? ते दोघांचं काम होतं. मी पेशंट बघायचं आणि तुम्ही चपला. त्या खोलीत मी एकटी होते, हे मला वाकल्यावर कळलं.

चार महिन्यांनी पुन्हा तीच खोली. या वेळी दोन्ही सपाता समोरच होत्या. मी त्यांच्यावरून खुर्ची नेली. पास झाले. पत्र आलं त्या दिवशी ते दाखवायला घरात कोणी नव्हतं. फ्रिजला चिकटवलं, चहा केला, आणि उभ्या उभ्या तीनदा वाचलं. त्यावर माझं नाव आहे आणि नावापुढे ते नाव आहे, जे मला हवं होतं. तिथे मला फार एकटं वाटतं. माणसं चांगली आहेत, पण दिवस दिवस कोणी आरशातून मागे बघत नाही.

आईने आत्ता आतून विचारलं, "कोणाले लिहून राहिली वं एवढं?" "ऑफिसचं आहे," म्हटलं. नंदनवनात दुपारचे कूलर सुरू झालेत आणि कागदावर वारा येतोय, म्हणून कोपऱ्यावर चष्म्याचं घर ठेवलंय. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. काकू आता लेकीकडे अमरावतीला असतात. त्यांना दिलं तर त्या सगळ्यांना वाचून दाखवतील, आणि पुढचं कोणी वाचावं असं मला वाटत नाही.

मागच्या थंडीतली गोष्ट आहे. सकाळी एका म्हाताऱ्या माणसाच्या घरी गेलो. एकटाच राहणारा, छातीत दुखत होतं. दाराशी त्याचे तपकिरी बूट, नाड्या आत नीट खोचलेल्या. निघताना त्याने बोट केलं, माझे बूट. तुमची खाकी पिशवी गाडीत माझ्या सीटमागेच अडकवलेली होती. माझा जोडीदार दार धरून उभा होता. आणि मी म्हणाले, तिथे लागणार नाहीत. अगदी गोड आवाजात म्हणाले. हॉस्पिटल येईपर्यंत तो आपल्या पायांकडे बघत राहिला.

चार दिवसांनी मी दुसऱ्या पेशंटला सोडून रिकामी खुर्ची ढकलत परत येत होते. घरी जाणाऱ्यांना बसवतात त्या खोलीत तो होता. कोट घातलेला, मांडीवर औषधांची पिशवी, पायात हॉस्पिटलचे राखाडी मोजे, आणि काचेबाहेर बर्फ. म्हणजे तो वाचला होता, काका. बूट लागणार होते. आणून द्यायला घरी कोणी नव्हतं, हे मला त्याच्या घरात शिरतानाच दिसलं होतं. त्याने मला ओळखलं. हसून हात वर केला. मी मोबाईल कानाला लावला, त्यावर कोणीच नव्हतं, आणि बोलत बोलत पुढे निघून गेले.