तोंड दाखवून बोला

३ जून, बुधवार

निघाला एकदाचा हुकूम! उद्यापासून दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाने मास्क घालायचा. दुकानदाराने सुद्धा. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या पेपर धाकट्यासमोर धरला. त्याने वाचला, घडी घातली आणि त्यावरच चहाचा कप ठेवला. म्हणाला, "माणसांना मुसकी बांधायला निघालेत!"

माझा सख्खा भाऊ. दमेकरी बहिणीसमोर बसून हे बोलतो.

त्याचं काय जातंय? तो काउंटरवर बसून फ्रेमा दाखवतो. डोळ्यांचे नंबर मी काढते. त्यासाठी माणसाच्या इतकं जवळ जावं लागतं की कोण सकाळी काय खाऊन आलंय तेसुद्धा कळतं. सगळा दिवस परक्यांच्या श्वासात माझा श्वास. पंप माझ्या पर्समध्ये, छाती माझी भरून येते, आणि मुसकं म्हणे ह्याला बांधलंय!

मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी घाल." ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पोटमाळ्यावर खोकी मोजायला निघून गेला.

४ जून

दारावर पाटी लावली. नंबर काढायच्या तक्त्यावरच्या सगळ्यांत वरच्या ओळीएवढी ठळक अक्षरं – मास्कशिवाय आत येऊ नये. दुपारी बघते तर त्याच्याखाली धाकट्याच्या अक्षरात – पण तोंड दाखवून बोलावे!

मी ती ओळ खरवडून काढली. त्याने पुन्हा लिहिली. गिऱ्हाइकं बाहेर उभी राहून वाचतात, हसतात आणि पुढच्या चष्मेवाल्याकडे जातात.

६ जून

बोलणं बंद. त्याने माझ्याशी, मी त्याच्याशी. बरं वाटतंय.

८ जून, सोमवार

आज हद्द झाली. एक ट्रकवाला आला. चांगला मास्क बांधून आला होता बिचारा. जवळचं दिसत नाही म्हणत होता. धाकटा काउंटरवर पुढे झुकून त्याच्या तोंडाकडे बघतोय, जसं काही त्याच्या दाढीत काही अडकलंय. आणि म्हणाला, "ते खाली करा आणि मग बोला. चोर आहात का तुम्ही?" त्याने केला खाली! आणि खोकला. खो खो खो, सगळ्या आरशांवर.

मी तपासणीच्या खोलीतून ओरडले. एकदा, दोनदा. पाठ माझ्याकडे करून ढिम्म उभा. शेवटी बाहेर येऊन त्याच्या खांद्यावर चापट मारली तेव्हा साहेब वळले. गिऱ्हाइकासमोर मला म्हणाला, "काय झालं एवढं?"

काय झालं एवढं! सगळे आरसे पुसले. हातांची सालं निघेपर्यंत हात धुतले. दुपारभर छातीत शिट्टी वाजत होती. त्या ट्रकवाल्याचा राग नाही आला, माणूस सांगितलं तसं वागला. भावाचा आला. ह्याला मी मेलेली चालेन, पण तोंडावर फडकं नको.

१० जून

आता पुढारीपण! बाजारातल्या दुकानदारांनी सक्तीविरुद्ध अर्ज करायचं ठरवलंय आणि पहिली सही आमच्या धाकट्याची. दुसरी शेजारच्या औषधवाल्याची. हा मास्क विकतो आणि मास्कविरुद्ध सही करतो! मी विचारलं तर म्हणाला, "ताई, विकणं हा धंदा, सही हा शेजारधर्म." मास्कमधून हसला. म्हणजे घालतो तो, बरं का. स्वतःच्या दुकानात चोवीस तास नाकावर. शहाणा आहे.

संध्याकाळी बातम्यांच्या चॅनेलवरून फोन आला, नेत्यांची मुलाखत हवी म्हणून. धाकट्याने हात हलवले आणि फोन औषधवाल्याच्या हातात कोंबला. पूर्वी गिऱ्हाइकांचे फोन तासन्‌तास घ्यायचा. आता कुणाचाच घेत नाही, भावजय घेते. डोक्यात हवा गेली की हात जड होतात.

१५ जून

नको ते झालं.

रिटायर्ड शाळामास्तरीण आल्या. मागच्या आठवड्यात नवा चष्मा दिला होता त्यांना, मी स्वतः बसवून. हातात धरूनच आल्या. "हा बघा, पुस्तकात पडतो. आमटीत पडला काल. नातू हसतो." मी चष्मा घालून दाखवायला सांगितलं. छान बसला. मी म्हटलं, "बसतोय की!" तशा त्यांनी मास्क खाली ओढला. चष्मा सर्रकन खाली. ओठांवर येऊन थांबला.

मला एकदम उमगलं. हुकूम निघाल्यापासून दिलेला एकेक चष्मा मी मास्कवर बसवलाय! नाकावर टेकणारे ते छोटे पॅड कापडाच्या जाडीवर टेकवले. कानामागे मास्कच्या दोऱ्या होत्या, त्यांच्यावरून काड्या वाकवल्या. दुकानात सगळे फक्कड दिसले. घरी जाऊन मास्क काढला की सगळ्यांचे चष्मे लोंबकळतायत! इतकी वर्षं हे काम करते, आणि माणसाला नाक असतं हेच विसरले.

मास्तरीणबाईंना बसवलं, चष्मा गरम हवेवर धरून काड्या पुन्हा वाकवल्या. बाई चांगल्या. म्हणाल्या, "तुमची काळजी कळते हो." मला रडू आलं. मास्कमुळे दिसलं नसेल.

१६ जून

रांग लागलीय दारात. सगळे एक हात नाकाशी धरून. धाकटा खूश! इतक्या दिवसांनी स्वतःहून बोलला – "अगं, एवढी सगळी परत येतायत, धंदा वाढला की!" मग काड्या वाकवायला बसला माझ्या शेजारी. हात चांगला आहे त्याचा, माझ्यापेक्षा चांगला, हे लिहायला नको वाटतं पण आहे. दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत सगळे उरकले. मी म्हटलं, "थँक्यू." मान वर करून बघितलंसुद्धा नाही. काडी वाकवत बसला.

नकोच मग. मी पण पुन्हा म्हणणार नाही.

२१ जून, रविवार

 पंप घेतला, मग लिहायला बसले.

आज सक्तीवर जाहीर चर्चा. नाट्यगृह मिळालं, पण एका अटीवर – आत सगळ्यांनी मास्क घालायचा. मास्क नको म्हणायला जमलेली माणसं मास्क घालून बसली होती! स्टेजवर धाकटा आणि औषधवाला एका बाजूला, दवाखान्यातली डॉक्टरीण आणि नगरपालिकेचा माणूस दुसऱ्या. मी मागच्या रांगेत. जायचं नव्हतं, पण घरी बसवेना.

धाकट्याने माईक हातात घेऊन पहिल्यांदा मास्क उतरवला. टाळ्या. बोलला चांगलं, मेला! "डोळे बघून माणूस ओळखता येत नाही, हे मी सांगतो, चष्म्याचा धंदा आहे माझा. माणूस तोंडावर कळतो. तोंड झाकलं की आपण भुतं होतो भुतं." लोक डोलायला लागले. मग म्हणाला, "आमच्या ताईने तर मास्कवरच चष्मे बसवले! अख्ख्या गावाचे चष्मे घसरले. सरकार काय आणि आमची ताई काय, दोघांनाही वाटतं माणसाला नाकच नसतं!"

अख्खं नाट्यगृह हसलं. माझ्या शेजारची बाई सुद्धा. तिचा चष्मा मीच बसवलेला.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, आजारी माणसांनी सामान आणायला कुठे जायचं? धाकटा दुकानदारांच्या भाड्याबद्दल बोलत सुटला. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा भाडं, लाइटबिल, बाजार कसा ओस पडलाय. मागून कुणीतरी ओरडलं, "टाळतोय! टाळतोय!"

मग मी उठले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. माईक नव्हता, पण माझा आवाज बाबांचा आहे, शेवटपर्यंत पोचतो. मी म्हटलं, "मी ह्याची ताई. मला दमा आहे. मी दिवसभर लोकांच्या तोंडाशी तोंड नेऊन काम करते. उद्या मला ही साथ लागली, मी मेले, तर तू काय करशील?"

 धाकटा माझ्याकडे बघत होता. चांगला बघत होता. आणि हसला. हसला! हात हलवून म्हणाला, "अगं, त्यात काय एवढं! लोक दोन दिवसांत विसरतील."

हॉलमध्ये कुणीतरी "अरेरे" म्हणालं. औषधवाल्याने मान खाली घातली. मी माझ्या पायांनी बाहेर आले, एवढं आठवतं.

२२ जून

सकाळी दुकानात गेले, शटर उघडायच्या आधीच कळवून टाकलं. वाटणी. मधोमध भिंत. तपासणीची खोली आणि अर्धा दर्शनी भाग माझा, बाकीचं त्याचं, दरवाजे वेगळे. बाबांनी दुकान दोघांच्या नावावर ठेवलंय, माझा हक्क आहे. बोलून बघायचंच नव्हतं त्याच्याशी, म्हणून कागदावर लिहूनच दिलं. वाचलं त्याने. दोनदा. चेहरा पडला. म्हणाला, "कालच्या त्या चष्म्याच्या विनोदावरून एवढं? मी चुकलो, जा. लोकांसमोर नको होतं बोलायला."

चष्म्याचा विनोद! मी मेले तर काय, म्हणून विचारलं होतं, आणि हा म्हणे विनोद. ह्यापेक्षा हाकलून दिलं असतं तरी कमी लागलं असतं.

दुपारी भावजय घरी आली. दारातच उभी. "ताई, त्यांच्यावर एवढं नका रागावू. त्यांना हल्ली जरा..."

मी म्हटलं, "त्याला हल्ली काय झालंय ते मला ठाऊक आहे. डोक्यात हवा गेलीय. तू मध्ये पडू नकोस."

"नाही हो ताई, ते कुणालाच सांगत नाहीत, मला शपथ घातलीय..."

"मग पाळ शपथ," म्हटलं आणि दार लावलं. नवऱ्याची वकिली करायला आलेली. लहानपणापासून ह्याच्या चुकांची वकिली कोणी ना कोणी करतंच आलंय. आधी आई, आता ही.

२३ जून

सुतार येऊन माप घेऊन गेला. पातळ प्लायची भिंत, वर काच. म्हणाला, "बोलणं ऐकू येईल हं पलीकडचं." मी म्हटलं, मग जाड घाला.

२५ जून

 संध्याकाळी माझ्या टेबलावर पंपाची नवी डबी. कुणी ठेवली विचारलं नाही. लाच आहे. पण जुना संपत आला होता म्हणून घेतली.

२६ जून, शुक्रवार

उद्या सुतार भिंत घालणार.

दुपारी छाती भरून आली. दुकानातून बाहेर आले, दार लावलं, मास्क गळ्यावर ओढला, पंप घेतला. समोर ट्रक मागे घेत होते, भोंगे नुसते. आत काउंटरवर धाकटा, काचेतून माझ्याकडे बघत. तोंडावर मास्क! दुकानात पहिल्यांदा. मला आणखीच चीड आली. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "आता घालतोयस? वैरी परवडला असता ह्यापेक्षा."

तो उठला. दार उघडून बाहेर आला. मास्क खाली केला. डोळे लाल. म्हणाला, "वैरी म्हण, चालेल. पण पंप उन्हात उभी राहून घेऊ नकोस, आत ये."

दार बंद होतं. दुहेरी काच आहे, धुळीसाठी बाबांनीच बसवलेली. बाहेर बँड वाजला तरी आत कळत नाही. आणि मला माझंच बोलणं ट्रकच्या भोंग्यात ऐकू आलं नव्हतं.

त्याने ऐकलं नाही. बघितलं. माझे ओठ बघितले.

  मग मी मास्क परत वर ओढला, नाकापर्यंत, आणि भोंगे थांबल्यावर जरा मोठ्याने विचारलं, "धाकट्या, तुला ऐकू येत नाही का रे?"

तो माझ्या तोंडावरच्या कापडाकडे बघत राहिला. मग मान हलवून म्हणाला, "हो, येऊ दे सुताराला उद्या. माझी काही हरकत नाही."