बाबांची टणक गादी

५ फेब्रुवारी

आल्या एकदाच्या दोन्ही गाद्या! आमची जाड, मऊ थराची. सासऱ्यांची टणक.

दुकानदार समजावत होता — खालचा भाग टिकतोच, आधी बसतो तो वरचा थर. मऊ नि जाड असेल तर अंगाला सुख, पण खड्डा लवकर. पातळ नि घट्ट असेल तर वर्षानुवर्षं तशीच.

"आणि सासऱ्यांना कुठली?"

मी पटकन म्हणाले, "टणक द्या. टिकली पाहिजे. त्यांच्यानंतर चिमीला होईल."

बाबा पलीकडे पलंग दाबून बघत होते. नवऱ्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. व्यवहाराचंच बोलले ना? लेकीचाच विचार केला ना? मग सकाळपासून तोंड कडू का झालंय?

६ फेब्रुवारी

"कशी आहे गादी, बाबा?" "फर्स्ट क्लास!" सुटले.

१९ मे

आमच्या गादीत दोन खड्डे! नवरा झोपेत घरंगळत माझ्या अंगावर येतो. वर म्हणतो, "संसार टिकवायला बरी आहे." मेला! बाबांची मात्र जशीच्या तशी. शेजारणीला मुद्दाम आत नेऊन दाखवली. म्हटलं, निवड कुणाची!

२ जुलै

बाबा हल्ली भिंत धरून चालतात. कंबर धरलीये म्हणे. "वय झालं गं." मी उगाच भांडी आपटत बसले.

४ जुलै

बाबा फिरायला गेल्यावर त्यांच्या गादीवर आडवी झाले. कुशीवर. थोड्याच वेळात खांद्याला रग लागली, कमरेचं हाड टोचायला लागलं. वर जेमतेम बोटभर थर, खाली फळीच जशी. माझी ही गत, तर त्यांची? अंगावर मांस तरी उरलंय का त्यांच्या!

तिथेच रडले. जित्याजागत्या माणसाच्या गादीला वारस ठरवून आले मी! आणि वर मिरवलं. लाज वाटते स्वतःची.

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, अदलाबदल करू. "आपल्या खड्ड्यात बाबांना? उठवायला क्रेन आणावी लागेल." तेही खरंच.

५ जुलै

दुकानात जाऊन आले. गादी बदलायची गरजच नाही — वर टाकायला वेगळा थर मिळतो, दोन इंची! "फार मऊ घेऊ नका," दुकानदार म्हणाला. "त्यात रुतले तर त्यांना कूस बदलता येणार नाही. हा दबला की एवढाच बदलायचा."

किती टिकेल, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

८ जुलै

थर आला. चिमीला हाक मारली — ती आजोबांच्याच खोलीत झोपते. म्हटलं, चल, दोघी मिळून अंथरू, आजोबांची गंमत करू.

"पण आई, आजोबा खाली सतरंजीवर झोपतात. रोज. सकाळी गुंडाळून ठेवतात."

बाबा दारातच उभे होते. ते अगदी सहज म्हणाले, "अगं, वापरली की दबणारच ती. चिमीला कोरी मिळू दे. तू म्हणालीस ना दुकानात? पटलं मला."