अक्काचा उजवा खांदा

मुकुंदवाडी,
छत्रपती संभाजीनगर

प्रिय बन्सी,

पिशोरला सगळी बरी असतील. फोन केला की तू बांधावर असतोस, वाऱ्यात अर्धं ऐकू येत नाय, अन् मीही "सगळं ठीकंय" म्हणून ठेवून देते. म्हणून आज लिहायलाच बसले. अक्षर वेडंवाकडं दिसंल. उजवा हात वर धरवत नाय, मांडीवर पाट घेऊन थांबत थांबत लिहितेय.

श्रावणात माय मोरीत घसरली. मी तिच्या काखेत हात घालून तिला धरलं. ती पडली नाय, पण माझ्या खांद्यात काहीतरी टर्रकन फाटल्यासारखं झालं. तेल चोळलं, शेक दिला. अंगणवाडीत फळ्यापर्यंत हात जाईना, वेणीसुद्धा शेजारची आवडाबाई घालून देऊ लागली, तेव्हा कुठं हाडाच्या डॉक्टरांकडं गेले. हात वर उचलणारा स्नायू हाडापासून सुटलाय म्हणे. व्यायाम अन् इंजेक्शननं दुखणं कमी होईल, पण सुटलेलं आपोआप जुळत नाय. दुर्बिणीतून, बारीक छिद्रं पाडून, ते पुन्हा हाडाला टाक्यांनी बसवायचं, हा त्यांच्या मते चांगला मार्ग. फार थांबलं तर स्नायू आखडतो, टाके धरत नाहीत; मग पुढं कधीतरी सांधाच कृत्रिम बसवायची पाळी येऊ शकते. मी विचारलं, "ऑपरेशननंतर माणूस उचलता येईल का?" त्यांना वाटलं मी गंमत करतेय. दीड महिना हात झोळीत, अन् त्यानंतरही कितीतरी महिने वजन उचलायचं नाय.

घरी येऊन मी गोळ्या घेत राहिले. मायला अर्धांगाचा झटका आला तेव्हा दवाखाना जवळ म्हणून तू तिला थोडे दिवस माझ्याकडं ठेवलंस. त्याला आता तिसरं वर्ष. तक्रार नाय रे. तुझे दाजी गेल्यावर या घरात बोलायला तीच होती. मेंढरांमागं रानोमाळ हिंडली त्या गोष्टी ती इतक्या रंगवून सांगते, की मी स्वयंपाक विसरते. पण थकलेय मी. सकाळी जाग आली की आधी हेच मनात येतं, आज तिला किती वेळा उठवावं लागंल.

हेही मी रेटलं असतं. पण परवा मायला सणकून ताप भरला. लघवीत जंतू झाले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी कमी पिता का? मायनं पदर तोंडावर ओढला. घरी आल्यावर मी रागावले, तर म्हणाली, "पाणी पेलं की मोरीत न्यावं लागतं. दातावर दात धरून उचलतीस मला. दिसत नाय व्हय मला?" मी उशाशी ठेवलेला तांब्या ती रोज खाटेलगतच्या खिडकीतून ओतून देत होती, बन्सी. माझ्या खांद्यासाठी.

मी ऑपरेशनला होकार दिलाय. रविवारी गाडी घेऊन ये अन् तिला पिशोरला ने. उचलताना डावीकडून धर, ती बाजू लुळी आहे. अन् पाणी नुसतं ठेवून जाऊ नको. ती पिईपर्यंत जवळ बस.

वाट बघणारी तुझीच,
भागूअक्का