माझी गणना जनतेत करू नये

६ जानेवारी, रविवार

आज सकाळी गिरणी सुरू करण्याआधी आरशासमोर उभं राहून हात धुतले. सात वेळा. पहिल्या दोन वेळा नुसतेच हात धुतल्यासारखे वाटले. तिसऱ्या वेळी मनगट जरा उचललं, तेव्हा कुठे रोमन वाटलं. एर्मेलिंदा मागून म्हणाली, टाकीत दोन दिवसांचंच पाणी आहे म्हाताऱ्या, एवढं काय लागलंय हाताला. बायकोला कला समजावून सांगण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

गुड फ्रायडेच्या नाटकात एकोणीस वर्षं पिलात, म्हणजे येशूला शिक्षा देऊन हात धुणारा रोमन सुभेदार, झालेले ऑर्तिगोसा मास्तर नोव्हेंबरात वारले. देव त्यांना विश्रांती देवो. नवा पिलात कोण, हे पुढच्या रविवारी गावसभेत ठरेल. आमच्या सान अपारिसिओ गावात लायक माणूस एकच आहे. वय एकोणपन्नास, सहावी पास, चारही शुभवर्तमानं वाचलेली, स्वतःची मक्याची गिरणी, उंची बेताची. पण पिलात खुर्चीत बसूनच असतो.

बावीस वर्षं मी जमावात आहे. पिलात विचारतो, येशू आणि दरोडेखोर बरब्बा, दोघांतल्या कुणाला सोडू? पहिला मी ओरडतो, "बरब्बाला." मग सगळे. पिलात विचारतो, मग येशूचं काय करू? पहिला मी, "वधस्तंभावर खिळा." मग सगळे. जनता ती एवढीच. कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते.

१० जानेवारी, गुरुवार

आपल्या सभेची रीत विचारात घेतली पाहिजे. जो काम मागतो त्याला ते कधीच मिळत नाही. मागणं म्हणजे हावरटपणा. जो नको नको म्हणतो, त्याच्याच गळ्यात पडतं, मग ते अध्यक्षपद असो, पाणी सोडायचं काम असो की नाटकातला येशू. सध्याचे अध्यक्ष दोरोतेओ सभेच्या वेळी मक्याच्या कणगीत लपले होते. तिथूनच त्यांना बाहेर काढून हार घातला.

म्हणून माझी योजना साधी आहे. मी नको म्हणणार. सगळ्यांच्या आधी.

१३ जानेवारी, रविवार. दुपार

सभा झाली. नीट क्रमाने लिहितो.

अध्यक्षांनी पिलाताचा विषय काढला. कुणी कुणाचं नाव घ्यायच्या आत मी उठलो. म्हटलं, माझं नाव कुणी सुचवू नये. मी त्या लायकीचा नाही. गिरणीतून वेळ होत नाही, घसाही बरा नसतो. एवढं बोलून खाली मान घालून उभा राहिलो. डोळ्यांत थोडं पाणीही आणलं होतं.

मग अध्यक्ष म्हणाले, एवेन्सिओनं मनमोकळं सांगितलं, त्याच्या शब्दाचा मान ठेवू या. सगळ्यांनी मान ठेवला. हात वर करून. एकमतानं.

मग नावं सुरू झाली. फिदेन्सिओ, सकाळची बस चालवतो तो, मागच्या बाकावर घोरत होता. त्याला हलवून उठवून पिलात केलं. तो रडला. खरंच रडला. बसची वेळ सांगितली, सासू आजारी आहे म्हणाला, पाठांतर होत नाही म्हणाला. जितका रडला तितके हात वर गेले.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, एवेन्सिओ जमावातच बरा. पहिली आरोळी दुसरं कोण देणार?

लोक हसले. प्रेमानं हसले, असं एर्मेलिंदाचं म्हणणं.

१४ जानेवारी, सोमवार

निश्चय. (अ) यापुढे गावसभेला जायचं नाही. (ब) तालमीला जायचं नाही. (क) जनतेशी फक्त दळणापुरतं बोलायचं.

सकाळी गिरणीपुढे बायकांची रांग. उकडलेल्या मक्याच्या बादल्या, तीच भांडणं, तीच खोकणारी पोरं. इतिहास घडतो तेव्हा ह्याच बाजूला उभ्या असतात आणि विचारतात, नंबर कुणाचा.

निकानोरा आजीनं विचारलं, चेहरा असा का रे? दळणापुरतं उत्तर दिलं.

२ फेब्रुवारी, शनिवार

मेणबत्त्यांचा सण. मक्याच्या पानात उकडलेले तमाल खाल्ले. पाच.

फिदेन्सिओ घरी येऊन गेला. म्हणे, काका, तुम्हीच घ्या ना हा पिलात, मी तुमच्या पाया पडतो. हळूच अदलाबदल करू, कुणाला कळणार नाही. मोहाचा क्षण होता. पण सभेनं दिलेलं काम पाठीमागून घेणं मला शोभत नाही. त्याला सांगितलं, जनतेनं मला समोर येऊन विनंती केली तर विचार करीन. तो म्हणाला, जनतेला कोण सांगणार? मी म्हटलं, तुझी बस रोज भरलेली असते.

सात दिवस वाट पाहायची.

१० फेब्रुवारी, रविवार

कुणी आलं नाही. फिदेन्सिओ म्हणतो, मी बसमध्ये सांगितलं, पण लोक म्हणाले, एवेन्सिओनं स्वतःच नको म्हटलंय, त्या माणसाला उगाच कशाला त्रास.

जनतेला खोटी नम्रता ओळखता येत नाही. ह्याहून अडाणीपणाचा पुरावा कोणता?

६ मार्च, बुधवार

आजपासून चाळीस दिवसांचे उपास, म्हणून कपाळावर राख घेतली. प्रार्थनेत देवाला फार सांगावं लागलं नाही, त्याला सगळं माहीत असतं. जनतेला काहीच माहीत नसतं, आणि तिलाही सांगून उपयोग नसतो. दोघांच्या बाबतीत गप्प राहणंच बरं.

उपासात चिकाटी हवी. मांस बंद. तिरस्कार बंद करायचाही विचार होता, पण एका वेळी एकच.

१७ मार्च, रविवार

तालमीला गेलो नाही. चर्चच्या अंगणाबाहेर चिंचेखाली उभा राहिलो. तिथून सगळं दिसतं, पण त्याला जाणं म्हणत नाहीत.

फिदेन्सिओ हात धुतो ते बसची काच पुसल्यासारखं. डायलॉग दोन, तेही कागदावर. येशू यंदा माकारिओ आहे, बेकरीवाल्याचा जावई. लाजाळू मुलगा, बायको नुकतीच बाळंत झालेली. क्रूस ऐंशी किलोचा. तो रोज पहाटे पोती उचलून सराव करतो म्हणे.

आणि जनता? फटक्यांचा प्रसंग चालू असताना भोपळ्याच्या बिया खात होती. टाळ्या पडल्या त्या गाढवाला. कलेत प्रेक्षकाचं काम काय, असा प्रश्न शहरातले लोक विचारतात. त्यांनी एकदा इथे यावं. प्रेक्षकाचं काम सालं थुंकणं.

जमावाची आरोळी जमत नव्हती. सगळे एकमेकांकडे पाहत होते. अध्यक्षांनी विचारलं, एवेन्सिओ कुठाय? मी झाडामागे झालो.

मनात काहीतरी आलं. उद्या लिहीन.

१८ मार्च, सोमवार

काल मनात आलं ते हे. मी ओरडणारच नाही.

जमावात उभा राहीन, सगळ्यांच्या देखत, आणि तोंड मिटून राहीन. पिलात विचारील. शांतता. पुन्हा विचारील. शांतता. मग सगळ्या गावाचे डोळे माझ्याकडे वळतील, आणि बावीस वर्षं हा गाडा कोण ओढत होतं ते कळेल. अध्यक्ष हात जोडून येतील. तेव्हा पाहू.

हा सूड नाही. हा लोकशिक्षणाचा भाग आहे.

१४ एप्रिल, पाम संडे

झावळ्या घेऊन मिरवणूक. निश्चय पक्का. एर्मेलिंदाला सांगितलं, शुक्रवारी माझा घसा बसणार आहे. ती म्हणाली, आज रविवारीच कळलं का तुला? मग म्हणाली, तू त्या लोकांना इतकी नावं ठेवतोस, पण रोज संध्याकाळी दारात कुणी आलं नाही तर जेवत नाहीस.

बायकांना कुठलीही गोष्ट घरगुती करून टाकायची सवय असते.

१८ एप्रिल, गुरुवार

माकारिओला ताप आहे. दूध आणायला गेलो तेव्हा बेकरीत ऐकलं. सासरा म्हणाला, उद्या दुसऱ्याला उभं करू. माकारिओ म्हणाला, सभेनं मला दिलंय. सभेनं दिलेल्या कामासाठी तापात उभं राहणारी माणसं अजून आहेत, हे पाहून आश्चर्य वाटलं. असो. माझा निश्चय तापावर अवलंबून नाही.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे. संध्याकाळी सहा

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

अंगण भरलेलं. शेजारच्या दोन गावांतूनही लोक. दगडी चौथऱ्यावर फिदेन्सिओ, अंगावर पडद्याचा झगा. एका बाजूला बरब्बा म्हणून खाटीक, दुसऱ्या बाजूला माकारिओ. ओठ फाटलेले, डोळे लाल, उभ्या उभ्या हलत होता. मी बरोबर मध्यभागी, जिथे दर वर्षी उभा असतो तिथे. हात छातीवर. तोंड मिटलेलं.

फिदेन्सिओनं कागद पाहून विचारलं, कुणाला सोडू?

शांतता. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं. मी ठरवल्याप्रमाणे आकाशाकडे पाहत होतो. एवढा सुंदर क्षण माझ्या आयुष्यात आला नव्हता. पाद्रेंनी घाम पुसला. अध्यक्ष माझ्या दिशेनं निघाले. फिदेन्सिओनं पुन्हा विचारलं.

तेवढ्यात निकानोरा आजी बोलली. ओरडली नाही, रांगेत बोलते तशी बोलली.

"त्याला सोडा. ताप आहे पोराला."

कुणीतरी म्हणालं, हो, सोडा. मग बेकरीच्या बाजूनं दोघं तिघं. मग बाजूच्या गावचे. मग सगळे. सोडा, सोडा. कुणी आरोळी दिली नाही, कुणी पुढे झालं नाही. नुसता एक आवाज सगळ्या अंगणातून वर आला, पाणी उकळायला लागतं तसा. खाटकानं स्वतः माकारिओच्या दोऱ्या सोडायला घेतल्या.

फिदेन्सिओनं विचारलं, नक्की? लोक म्हणाले, नक्की. त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात एवढंच आलं, की येशू सुटला तर शुक्रवार कसला, आणि पुनरुत्थानाचा रविवार कसला. आणि दुसरं, जे देवाला माहीतच आहे ते इथे लिहितो. ह्यांनी माझ्याशिवाय सुरुवात केली होती.

मी ओरडलो. "वधस्तंभावर खिळा."

एकटा. माझा आवाज चांगला आहे. चर्चच्या भिंतीवर आपटून परत आला, तेव्हा मलाच तो ऐकू आला.

मागे कुणी आलं नाही. कुणीही नाही. सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मी ठरवलं होतं तसंच. फिदेन्सिओला मात्र सुटल्यासारखं झालं. त्याला पुढचा डायलॉग मिळाला. त्यानं घाईघाईनं हात धुतले. बँड वाजायला लागला, आणि सगळं टेकडीकडे निघालं, कारण बँड वाजला की आपल्याकडे निघायचं असतं.

माकारिओ नाटकात तीनदा पडतो. आज चौथ्यांदाही पडला. ते लिहिलेलं नव्हतं. लोक धावले. शिपाई झालेले, बरब्बा झालेला, बिया खाणारे, सगळे. क्रूस उचलला आणि माकारिओला मध्ये घेऊन वर नेला. मीही धावलो. लाकडाला हात लावायला कुठेच जागा मिळाली नाही. शेवटपर्यंत मी बाजूनं चालत होतो.

२० एप्रिल, शनिवार

दिवसभर गिरणी बंद. सणामुळे.

माकारिओचा ताप उतरला आहे. मी विचारायला गेलो नव्हतो, त्या रस्त्यानं जात होतो. चार वेळा.

२२ एप्रिल, सोमवार

सकाळी माकारिओ स्वतः गिरणीवर आला. हातात ब्रेडची पिशवी. म्हणाला, काका, तुम्ही ओरडलात म्हणून बरं झालं. दोन महिने पाठ केलेलं सगळं वाया जात होतं. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही. मोटारीचा बेल्ट ढिला होता, तो पाहिला.

रांग होती. सगळ्या बायका होत्या. निकानोरा आजी नव्हती. तिची बादली नदीपलीकडच्या गिरणीवर गेली, असं कुणीतरी सांगितलं.

दुपारी तिच्या घरी गेलो. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. म्हटलं, आजी, पलीकडची गिरणी जाड दळते. ती म्हणाली, दातांना बरं असतं. मग बराच वेळ दाणे टाकत राहिली.

"बावीस वर्षं मला वाटायचं, आम्ही सगळेच ओरडतो," ती म्हणाली. "दर वर्षी घरी जाऊन रडायचे मी, आपण असे कसे म्हणून. तू एकटाच होतास होय रे?"

तिच्या स्वरात राग नव्हता. हलकं झाल्यासारखं काहीतरी होतं.

२५ एप्रिल, गुरुवार

पाद्रेंपुढे कबुली दिली. सगळं सांगितलं, तिरस्कार वगैरे. ते म्हणाले, हे बहुतेक मला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत आहे. लोक तुझं मनाला लावून घेत नाहीत. प्रायश्चित्त म्हणून दहा प्रार्थना दिल्या. एवढ्या तिरस्काराला फक्त दहा. मला निदान शंभराची अपेक्षा होती.

एक निर्णय मनात आहे. उद्या.

२६ एप्रिल, शुक्रवार

उद्या.

२८ एप्रिल, रविवार

चर्चमधल्या मिस्सेनंतर चावडीत गेलो. कारकून आबुंदिओ आंबा खात होता. त्याला सांगितलं, पुढच्या वर्षीच्या नाटकात माझं नाव जमावात लिहून घे. मागच्या रांगेत, निकानोरा आजीच्या पाठीमागे. आवाज न करण्याच्या अटीवर.

तो म्हणाला, काका, जमावाची यादी नसते. जो येतो तो जमाव. बिननावाचं काम आहे ते.

मी म्हटलं, तरी लिही.

त्यानं हात पुसले, नवं पान काढलं आणि वर 'जमाव' असं लिहिलं. खाली माझं नाव. पूर्ण पानावर एकच. मग त्यानं विचारलं, कामाच्या रकान्यात काय लिहू? अध्यक्षांच्या पुढे 'अध्यक्ष', पाणीवाल्यापुढे 'पाणी', तसं काहीतरी लागतं.

बराच विचार केला. बाहेर लोक ओट्यावर बसून उसाचा रस पीत होते, आणि कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"उभं राहणं," असं लिहून घेतलं. सही करून घरी आलो.