नदी माघारी येते

१२ मे
बोलतेय मी, लिहितेय नात रेणू. अक्षर चांगलं आहे म्हणतात. मला काय कळणार. ती शहरात, औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात नद्या कंप्युटरात भरते. पाऊस किती, रानानं किती पिला, नदीत किती उतरला, मशीन सांगतं. आपल्या नदीचा नकाशा आणलाय. निळं तिथं पूर. खालची पट्टी कोरी. तिथंच सरपंच अंगणवाडी बांधणार.
म्हणलं, "तिथं पाणी येतं."
"आज्जे, एवढं पाणी वरून येतच नाय."
"वरून कोण म्हणतंय?"

१३ मे
शिकलेली, ऐकते कशाला. हे गाळू नको, लिही. उन्हात फिरवली तिला. पूर आला की आम्ही बाया नदीची ओटी भरतो, पाणी जिथवर चढलं तिथंच. लग्न होऊन आल्यापासूनच्या जागा ध्यानात आहेत. धरणाचे दरवाजे उघडले की गोदावरी फुगते, आपल्या नदीला आत घेत नाय. मग ही माघारी फिरते. धुताना सुटलेलं माझं लुगडं एकदा वरल्या अंगाला गेलं होतं!
तीन ओट्यांच्या जागा अंगणवाडीसाठी फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेघांच्या आत निघाल्या.
"नकाशात गोदावरी कुठंय?"
"गोदावरीला मिळतं ते खालचं तोंड मोकळं धरलंय. पाणी निघून जातं असं."
धरलंय म्हणे.

१५ मे
ग्रामसभा. सरपंच म्हणाला, "काकू, कोरडं आहे हे तुमच्याच नातीचा कंप्युटर म्हणतो." लई हसले.
म्हणलं, "नात माझी, चूक पण घरचीच. लेकरं पाण्यात बसली तर कंप्युटर उचलून आणंल का?"
ठरावाला अंगठा मागितला. दिला नाय. लिहिता येत नाय, नाय म्हणता येतं.
रेणू खाली मान घालून. तिचाच जास्त राग आला.

१६ मे
रेणूनं गोदावरी चढती धरून मशीन पुन्हा चालवलं. निळं अर्ध्या अंगणवाडीत. म्हणलं, अजून जरा सरकव. "आज्जे, ते मी ओढत नाय, निघतं!"
तिचे साहेब फोनवर म्हणाले, अहवाल तहसीलात गेलाय. बायकांच्या ओट्या पुरावा नसतो.
रेणू म्हणाली, "चूक माझ्या सहीनं लिहून देते."
मी तिला नोकरीचं विचारणार होते. नाय विचारलं.

१८ मे
रेणू सकाळीच पत्र घेऊन पैठणला, तहसीलात गेली. आज शेजारची सुमन लिहितेय, इथंच, फक्कीच्या आत बसून. भूमिपूजन आहे. मी मधोमध सतरंजी टाकलीय. कुदळवाले बाभळीखाली थांबलेत.
सरपंच समोर उकिडवा बसला. "काकू, ऊन लागंल. उठा की."
म्हणलं, तूच नीट मांडी घाल. रेणूची एसटी यायला वेळ आहे.